वैशाखात हीटर लावून खंबाटकी

खंडाळ्याला जाऊन आलो असं सांगितलं की वसतिगृहातली मुलं लगेच विचारतात, हवा कशी होती? त्यांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा खंडाळा असतो. मी गेलो होतो तो आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाट उतरल्यावर लागणारा. तिथल्या हवेबद्दल मला खात्रीने काही सांगता येत नाही. मी गाडीतून गेलो होतो आणि गाडीतली हवा वेगळी होती.

प्रवास तसा लहान. कुंडल ते खंडाळा, जाऊन-येऊन तीन दिवस. याहून लांब माणसं रोज एसटीने जातात आणि त्याबद्दल अवाक्षर लिहीत नाहीत. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा लिहायचं कुणी तर मीच. शिवाय या प्रवासात जे बिघडलं त्यातलं बरंचसं माझ्या शिक्षणामुळे बिघडलं, म्हणून ते नोंदवून ठेवणं मला माझं काम वाटतं.

कुंडल

माझे चुलते तात्या पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा जयसिंगदादा हाही पायदळातच. तो रजेवर आला होता आणि रजेचे नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत त्याचं लग्न ठरवायचं होतं. मागच्या रजेत फलटणची एक मुलगी बघितली होती, पण पोहे खाताना पाहुण्यांसमोर दादाला ठसका लागला. तेवढ्यावरून ‘मुलाला दमा आहे’ अशी बातमी आमच्या आधी कुंडलला पोचली. दादा दिवसाला दहा मैल पाठीवर ओझं घेऊन चालतो, हे मग कुणालाच सांगून पटेना. या खेपेला खंडाळ्याची मुलगी होती, आणि हेही स्थळ गेलं तर पुढची रजा वर्षाने. तोवर दम्याचा क्षय झाला असता.

म्हणून तात्यांनी ठरवलं की एसटीतून धक्के खात जायचं नाही, आपल्या पिकअपमधून जायचं.

ही पिकअप तात्यांनी लष्कराच्या लिलावात घेतली होती. ती कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात राबली होती. त्यामुळे तिच्यात एक चीज होती, जी आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुठल्याच गाडीत नसावी. ती म्हणजे हीटर. ड्रायव्हरच्या शेजारी पायाशी जाळीची एक पेटी आणि समोरच्या पत्र्यावर एक छोटी दांडी. दांडीच्या एका टोकाला निळा ठिपका, दुसऱ्या टोकाला लाल. निळ्याकडे सरकवली की थंड, लालकडे सरकवली की गरम. आमची दांडी लालवर अडकली होती. इंजिन सुरू झालं की दहा मिनिटांत पेटीतून भट्टीसारखी धग यायची आणि ती नडग्यांवरून चढत थेट टाळूपर्यंत जायची. एरवी गाडी मळ्यातून गावात भाजी आणायची, अर्ध्या मैलाचं काम, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. थंडीत तर तात्या उगाचच दोन फेऱ्या जास्त मारायचे.

आता वैशाख संपत आला होता आणि जायचं होतं सव्वाशे किलोमीटरच्या वर.

मी हळूच सुचवलं की दादाने मागे उघड्या हौद्यात बसावं, तिथे वारं लागतं. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझे मार्क आठवले.

“नवरदेव मागं? बटाट्याच्या पोत्यागत उतरवायचा काय त्याला पावण्यांच्या दारात?”

पुढची जागा मानाची. त्यामुळे पुढे तात्या, दादा आणि ‘सायन्स शिकतोय’ म्हणून दाखवायला नेलेला मी. मागे हौद्यात गादी टाकून काकू, तिच्याजवळ गुळाची ढेप आणि शाळूच्या भाकरीचं गाठोडं. सारं गाव बघत असताना आम्ही भर दुपारी निघालो. सकाळी निघालो असतो तर कुणी बघितलं नसतं.

कराड

कराडपर्यंतचा निसर्ग मी घामातून बघितला, त्यामुळे वर्णन धूसर होईल. ऊस होता. कृष्णेचं पाणी आटून मधले खडक वर आले होते. काचा खाली केल्या की बाहेरची झळ आत यायची, वर केल्या की आतली धग आतच राहायची. दादा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसला होता, त्याला तशी शिस्त आहे. मागच्या काचेतून बघितलं तर काकू पदर वाऱ्यावर सोडून, पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आमच्या घरात मान नसण्याचे फायदे बायकांना फार पूर्वीच कळले असावेत.

कराडला एका गॅरेजपुढे थांबलो. फळीवर खडूने लिहिलं होतं, ‘वऱ्हाडात गेलोय’. पुढचं गॅरेजही बंद. लग्नसराईत गाडी चालवता येणारा प्रत्येक माणूस कुणाच्या तरी वऱ्हाडात असतो. चहा पिताना तात्यांनी कपाळावरचा घाम बोटाने निपटला आणि माझ्याकडे वळले.

“तू सायन्सला हाईस न्हवं? मग बघ की जरा.”

या क्षणाची मला दोन वर्षं भीती होती. घरच्यांची समजूत अशी की सायन्स शिकणारा माणूस रेडिओपासून म्हशीच्या पोटापर्यंत सगळं दुरुस्त करतो. मी उष्णतेचा धडा शिकलो आहे, तोही इंग्रजीत, आणि त्यातलं निम्मं पाठ करून पास झालो आहे. पण नाही म्हणायचा धीर झाला नाही. उद्या सकाळी बघतो, असं म्हणून मी वेळ मागून घेतला.

सातारा

मुक्काम साताऱ्यात तात्यांच्या पलटणीतल्या एका मित्राच्या घरी. इथे एक फरक जाणवला. आमच्याकडे पाहुणा आला की न विचारता गूळ-पाणी पुढे येतं आणि मग न विचारता जेवण. साताऱ्यात आधी विचारतात, चहा घेणार ना? आपण लाजून नको म्हटलं की खरोखरच देत नाहीत. मी दोनदा नको म्हटलं आणि दोनदा पस्तावलो. तिसऱ्यांदा पेढे आले तेव्हा त्यांनी विचारायच्या आतच मी हो म्हणालो.

सकाळी सगळ्यांचं आवरून होईपर्यंत मी गाडीपाशी गेलो. दांडी जोरात ओढली, हलली नाही. मागची तार गंजली असेल असं वाटून काकूच्या पिशवीतलं खोबरेल तेल तिच्या नळीत सोडलं. दांडी केसभर सरकली आणि परत अडली. मग बॉनेट उघडून तार कुठे जाते ते शोधत गेलो. ती इंजिनावरच्या पितळेच्या एका लहान नळापाशी जात होती. इंजिनातलं उकळतं पाणी त्या नळातून, रबरी पायपाने, आमच्या पायाशी असलेल्या पेटीत येत होतं. आणि नळाचा खटका कुणीतरी जाड तारेने शेजारच्या बोल्टला बांधून ठेवला होता. चार वेढे, वर पीळ, टोक आत दुमडलेलं. बांधणाऱ्याने मनापासून बांधलं होतं.

प्रयोगवहीत आधी निरीक्षण लिहावं आणि मग अनुमान, असं आमचे सर ओरडून सांगतात. निरीक्षण असं होतं की गाठ मुद्दाम मारली आहे. मी ते सोडून सरळ अनुमानावर गेलो, की कुण्या मूर्ख शिपायाला फार थंडी वाजत असणार. पक्कड घेऊन तार सोडवली. दांडी टक् आवाज करून निळ्यावर गेली.

तात्यांनी गाडी सुरू केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पायाशी गारच. तात्यांनी पेटीवर तळहात ठेवून बघितला आणि माझी पाठ थोपटली. आमच्या घरात ही फार मोठी गोष्ट आहे. मित्राच्या दारातून निघताना त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने काकूला सांगितलं की पोराचं शिक्षण काही वाया जात नाही. दादाने पिशवीतून नवा पांढरा टेरिलिनचा शर्ट काढून घातला. आदल्या दिवशी घामाच्या भीतीने त्याने तो बाहेरच काढला नव्हता.

खंबाटकी

साताऱ्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता हा माझ्या आयुष्यातला सर्वात सुखाचा प्रवास. वडाची झाडं, सकाळचा वारा, कोरड्या पायांनी बसलेली तीन माणसं. मी तात्यांना उष्णतेचं अभिसरण म्हणजे काय ते समजावून सांगत होतो आणि ते ऐकत होते.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून वाफ आली. मग शिट्टी आली. मग समोरचं काही दिसेना. इंजिनाच्या तापमानाचा काटा गाडी घेतली तेव्हापासूनच एका जागी मेलेला होता, त्यामुळे आधी कळायला मार्ग नव्हता. तात्यांनी गाडी कडेला दाबली. आमच्यापैकी कुणी उतरायच्या आत काकूने उडी मारून मागच्या चाकांना दगड लावलेही होते.

दुपारी एक वाजता अमावास्या लागत होती. त्याआधी मुलगी बघायची असा निरोप होता, आणि दहा वाजून गेले होते. पाणी नव्हतं. आम्ही चौघं वाफेकडे बघत उभे राहिलो.

एक मालट्रक आमच्या मागे थांबला. ड्रायव्हर सांगोल्याकडचा, कानावर बिडी. त्याने आपला पाण्याचा डबा दिला, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि रेडिएटरच्या जाळीवर नख मारून बघितलं. जाळी आतून क्षाराने चोंदली होती.

“हीटर हाय की ह्या गाडीला. बंद का केलाय?”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं.

“ह्यो रेडिएटर मेलाय, गड्या. हीटरची पेटी म्हंजी दुसरा रेडिएटर. इंजिनाचा ताप त्यो बाहेर काढतोय. कुन्या शाण्या मानसानं बांधून ठेवला आसंल, त्यो सोडला कुनी?”

मी सोडला, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर तो निघूनही गेला. त्याला घाट चढायचा होता.

इंजिन निवायला तासभर गेला. पाणी भरलं. मग तीच तार, त्याच बोल्टला, तेच चार वेढे मारून मी परत बांधली. माझी गाठ त्या शिपायासारखी नीट जमली नाही. दादा शेजारी उभा होता. तो काय म्हणतो याची मी वाट बघत होतो. त्याने फक्त नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

“मी मागं बसतो, तात्या,” तो म्हणाला.

“पावण्यांच्या दारापातुर पुढंच,” तात्या म्हणाले. “वळखीचं कोन बघंल.”

घाटात ओळखीचं एक माकडसुद्धा नव्हतं. पण दादा पुढे बसला. काकूने मागून काचेवर टकटक केली आणि आपल्या शेजारची रिकामी गादी दाखवली. तात्यांनी आरसा दुसरीकडे वळवला. आम्ही पहिल्या गिअरमध्ये, उकळत्या पाण्याच्या पेटीवर पाय ठेवून खंबाटकी चढलो. वरून दिसणारा देखावा सुंदर असतो असं ऐकलं आहे.

खंडाळा

पाहुण्यांच्या दारात गाडी थांबली तेव्हा बारा वाजत आले होते. आम्ही तिघं उतरलो आणि पाठोपाठ मागून ताजीतवानी काकू उतरली. अंगणात मांडव घातल्यासारखी माणसं बसली होती. टेरिलिन घाम पीत नाही, धरून ठेवतं. दादाचा शर्ट अंगाला कातडीसारखा चिकटला होता, तोंड लालभडक, डोळे तांबारलेले. त्याने पाण्याचा तांब्या घेतला तर हात थरथरत होता.

मुलीचे वडील साधे गृहस्थ होते. पण तिचे मामा काळा कोट आणि फेटा घालून मधोमध बसले होते, आणि लग्न त्यांच्या संमतीने व्हायचं होतं. पोहे आले. आमच्याकडे पोह्यांत शेंगदाणे सढळ असतात, इथे ओलं खोबरं सढळ. त्यांच्या घरात बाजरीच्या भाकरीचा वास होता, आमच्या गाठोड्यातल्या शाळूची भाकरी बायकांनी कौतुकाने हातात धरून बघितली. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग सुमन, म्हणजे ती मुलगी, पाटावर येऊन बसली, नाव-गाव सांगून आत गेली, आणि मामांनी घसा खाकरला.

“पावणं, नौकरी कुठल्या मुलखात हुती पोराची?”

तात्यांनी अभिमानाने आसाम सांगितलं. मामांनी शेजाऱ्याकडे बघून मान हलवली.

“तिकडं हिवताप लय म्हंत्यात. एकदा आला की हाडातनं जात न्हाई.”

तात्या घाईने म्हणाले की तसं काही नाही, उन्हाचं झालंय.

“आमीबी उन्हातच बसलोय की,” मामा म्हणाले.

अंगणात कुजबुज फिरली. आता तात्यांनी गाडीचं खरं सांगायला हवं होतं. पण ‘मिल्ट्रीची एक नंबर गाडी’ असं ते दारातच बोलून बसले होते आणि ते त्यांना गिळवेना. दादाही बोलेना. कुणाचं नाव सांगायचं म्हणजे त्याला माझं नाव सांगावं लागलं असतं. तो मान खाली घालून घाम पुसत राहिला, त्यामुळे तर आणखीच आजारी दिसला. मुलीचे वडील म्हणाले की बघू, कळवतो. हे ‘कळवतो’ मी फलटणलाही ऐकलं होतं.

मी उभा राहिलो. इतक्या वडीलधाऱ्यांत मी कधी बोललो नव्हतो. आवाज निघाला तो माझा नव्हताच.

“ते... हीटर चालू होता.”

“काय चालू हुता?”

“हीटर. गाडी गरम करायचं यंत्र. दादा आजारी नाही. बिघडलाय असं समजून सकाळी मी तो बंद केला, पण तो बिघडलाच नव्हता. मग घाटात गाडी उकळली, म्हणून परत चालू केला.”

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“वैशाखात?”

“हो.”

“गाडीत शेगडी?”

“तशीच.”

“आनि तुमी समदी त्यात बसून आला.”

“काकू सोडून.”

मामा अंगणाकडे वळले. “ह्यो त्यांचा शिकलेला हाय बरं का.”

हशा पिकला. मी रेडिएटर, क्षार, दुसरा रेडिएटर असं सगळं सांगितलं, काटकीने जमिनीवर आकृतीसुद्धा काढली. माझ्या लक्षात आलं की मी जितकं बरोबर सांगतोय तितकं ते खोटं वाटतंय. उन्हाळ्यात ऊब करणारी गाडी घेऊन कुणी सोयरीक जुळवायला येतं, यापेक्षा हिवतापावर विश्वास ठेवणं कुणालाही सोपं होतं. शेवटी मी गाडीचं पुढचं दार उघडून उभा राहिलो.

“मामा, तुम्हीच बसून बघा. मानाची जागा आहे.”

आता त्यांना नाही म्हणता येईना. ते कोट-फेट्यासकट आत चढले. मी त्यांना काचा वर करायला सांगितल्या, कारण प्रयोगात बाहेरची हवा मिसळू नये. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. सूड म्हणून नव्हे, असं मला अजून वाटतं. तात्या दुसऱ्या बाजूने बसले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. ते अजून तापलेलंच होतं. सगळं अंगण गाडीभोवती गोळा झालं.

दोन मिनिटांनी मामांनी कोटाचं वरचं बटण काढलं. चार मिनिटांनी फेटा मांडीवर आला. त्यांनी लगेच उतरायला हरकत नव्हती, पण इतकी माणसं काचेतून बघत असताना आधी कोण उतरणार? तात्याही समोर बघत ताठ बसून होते. दोन वाफाळणारी माणसं, दोघंही मानाची. शेवटी काकू पुढे झाली आणि तिने दार उघडलं.

“आवं, उतरा की आता. दोघांची बी शिट्टी व्हईल.”

मामा उतरले तेव्हा कोट काळा असल्यामुळे वाचला, पण तोंड लालभडक, डोळे तांबारलेले, आणि गाडीच्या दाराला धरलेला हात थरथरत होता. तेवढ्यात सुमन, न बोलावता, पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. तिने आधी दादाकडे बघितलं, मग मामांकडे.

“आण्णा,” ती वडिलांना म्हणाली, “मामाला बी हिवताप आला वाटतं.”

आधी तिचे वडील हसले, मग सगळं अंगण. दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. मला फलटणचे पोहे आठवले. पण सुमनने पुढे होऊन त्याला पाणी दिलं आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उरलेली कळशी तिने माझ्या हातात दिली आणि गाडीकडे बोट केलं, तिलाही द्या म्हणून.

मामांनी फेट्यानेच तोंड पुसलं. अमावास्या लागायला पंधरा मिनिटं होती.

“सुपारी आना,” ते म्हणाले.

सुपारी फुटायच्या आधी मुलीच्या वडिलांनी रीत म्हणून सुमनला विचारलं की तिला काही विचारायचं आहे का. अशा वेळी मुली मान हलवून नाही म्हणतात. आमच्या कुंडलला तरी असंच चालतं.

“लगीन झाल्यावर न्यायला हीच गाडी येनार का?” तिने विचारलं.

तात्या म्हणाले, हो, हीच.

“मग मी मागं बसंन,” ती म्हणाली. “काकूंच्या शेजारी.”

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दादा कुणाला न विचारता हौद्यात चढला आणि गादीवर आडवा झाला. आता त्याला कुणाला दाखवायचा नव्हता, म्हणून तात्या काही बोलले नाहीत. पुढची मानाची जागा मला मिळाली. पुढे साताऱ्याला उतरून पेढे घेऊ असं मी सुचवलं, पण गाडी थांबवली तर परत तापलेली सुरू करावी लागेल म्हणून ते राहिलं.

खंबाटकीचा चढ सुरू झाला तेव्हा तात्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, “दांडी कुठं हाय?”

“लालवर.”

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले.